उरलेली अर्धी हाक

घरात सगळ्यात आधी जाग यायची ती वकिलाला. वकील म्हणजे पोपट. साधाच, कुठल्याही शहरात कुठल्याही झाडावर दिसतो तसला, हिरवागार, लाल चोचीचा, गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला. पण वाद घालण्यात असा पटाईत, की घरातल्या कुणाचं एक वाक्य त्यानं कधी बिनविरोध जाऊ दिलं नव्हतं. म्हणून वकील. पिंजऱ्यावरचं फडकं दूर झालं की तो आधी एक पंख ताणायचा, मग एक पाय, चोच दांडीला दोन्ही बाजूंनी घासायचा आणि किंचित घसा खाकरून खर्जात म्हणायचा, "बाईसाहेब, दार लावून घ्या. मी निघालो."

स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "लावते, लावते." आणि हातातलं काम टाकून खरोखरच दाराची कडी सरकवून यायची.

तो आवाज बाबांचा होता. बाबा शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते. उजाडायच्या आत निघायचे आणि निघताना बायकोची थट्टा केल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. मागच्या वर्षी ते गेले. पोपटाला त्याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. त्यानं आपलं काम चालू ठेवलं, आणि त्या एका वाक्यावर आईनं वर्ष काढलं.

लेकीला गल्लीत सगळे टेपवाली म्हणत. तिचा धंदा आवाजांचा. नाटकांना, रेडिओला, संग्रहालयांना जे आवाज लागतील ते ती करून द्यायची. चुरगळलेल्या कागदातून वणवा, मिठाच्या पिशवीतून बर्फावरची पावलं, दोन जुन्या चामडी हातमोज्यांतून कबुतरांचा अख्खा थवा. आपल्या कानांवर तिचा भारी विश्वास होता आणि तो फुकटचा नव्हता. बंद डोळ्यांनी ती सांगायची, की पेला काचेचा आहे की जाड प्लास्टिकचा, आणि कितपत भरलाय. बाबांचा आवाज मात्र कधी टेपवर घेतला गेला नव्हता. ते गेल्यावर तिनं वकिलाचं वाक्य ध्वनिमुद्रित करून पाहिलं. एकदा नाही, कितीदा. यंत्रातून ऐकलं की ती नुसती पोपटपंची वाटायची, चिरकी, नाकातली. खोलीत, समोरासमोर, मात्र बाबा. असं का, हे तिला तिच्या सगळ्या विद्येनिशी सांगता आलं नाही.

"राहू दे गं," आई म्हणाली होती. "तुझ्या पेटीत बसणारे नव्हतेच ते."

संग्रहालयाचं काम आलं ते या वेळी. पक्षीविभागाचे प्रमुख स्वतः घरी आले होते. उंच, वाकलेले, कोटाला कुठंतरी एखादं पीस चिकटलेलं. आईनं त्यांचं त्याच दिवशी पिसेवाले असं बारसं करून टाकलं. एका बेटावर पूर्वी एक पोपट होता, तो नामशेष झाला, त्याच्यासाठी नवं दालन उभं राहतंय आणि त्या दालनात त्या पोपटाचा आवाज हवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

"पण तो ऐकलाय कुणी?" टेपवालीनं विचारलं.

"कुणीच नाही," पिसेवाले आनंदानं म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडे आलो."

दुसऱ्या दिवशी ती संग्रहालयात गेली. वरच्या मजल्यावर पडदे ओढलेल्या लांब खोलीत त्यांनी एक सपाट खण उघडला. कापसावर दोन पोपट पाठीवर निजलेले होते, पाय एकत्र बांधलेले, डोळ्यांच्या जागी कापूस.

"हा आपला नेहमीचा. आणि हा त्याचा चुलतभाऊ, बेटावरचा. जगात एवढाच उरलाय. हात नका लावू, श्वाससुद्धा जरा बेतानं."

तिनं खरंच श्वास बेतानं घेतला. नेहमीचा पोपट सडपातळ, चपळ, मरूनही कुठंतरी पळायच्या बेतात असल्यासारखा. शेजारचा त्याच्या दीडपट. रंग राखाडी-निळा, धुऊन अर्धवट वाळलेल्या पाटीसारखा. डोकं केवढं मोठं, चोच पक्कडीसारखी जाड, आणि पाय तर पोपटाचे वाटतच नव्हते, इतके भक्कम. पंख मात्र आखूड. आणि गळ्याभोवती, निळ्यात बुडालेली, बारीक काळी रेघ. तोच कंठ. घराण्याची खूण जावी तर एवढ्या दूर जावी! ती किती वेळ नुसती बघत राहिली. सुंदर, असं तिच्या तोंडून निघून गेलं आणि पिसेवाल्यांनी मान डोलावली, जणू त्यांच्या घरच्या पोराचं कौतुक झालं होतं.

"केव्हातरी वादळात सापडून ह्यांच्यातलेच चार बेटावर जाऊन पडले असणार," ते म्हणाले. "तिथं मांजर नाही, साप नाही, माणूस नाही. घाबरायचं कुणाला? चालायला लागले. अंगानं वाढले. मग जहाजं आली."

"आणि?"

"खलाशांची एक पद्धत होती. एक पक्षी धरायचा आणि मुठीत जरा दाबायचा. तो ओरडला की रानातले सगळे त्याला सोडवायला यायचे. चालत. पळून जायचे नाहीत. मग काठ्या घेऊन उभं राहायचं, बस्स." त्यांनी खण हळूच आत सरकवला. "लोक म्हणतात, मूर्ख पक्षी. मला विचाराल तर इतका सभ्य पक्षी दुसरा झाला नाही. आपल्यातला एक अडकलाय म्हटल्यावर घरी बसणं त्यांना जमतच नव्हतं."

तिला त्या पक्ष्यांचा अभिमान वाटत होता आणि रडूही येत होतं.

"ती धरलेल्याची हाक करू नका," निघताना ते म्हणाले. "साधी करा. मी इथं आहे, तू कुठं आहेस, एवढीच."

ती कामाला लागली. नेहमीच्या पोपटाचा आवाज घ्यायचा, मोठ्या छातीला आणि जाड चोचीला शोभेल असा तो खाली आणायचा, संथ करायचा, आणि घाई सगळी काढून टाकायची. कारण ज्याला कुणाची भीती नाही तो घाईनं का बोलेल? मूळ आवाजासाठी वकील घरातच होता. चार दिवसांत हाकेचा पहिला तुकडा तयार झाला. खालून वर चढणारा, मधोमध थोडा थरथरणारा, आणि वर जाऊन अर्ध्यावर थांबणारा सूर. पुढचा भाग, म्हणजे दुसऱ्या पक्ष्याचं उत्तर, तिला अजून सुचलं नव्हतं.

तिच्या धंद्यात एक रीत आहे. माणसांचा आवाज केला तर माणसाला ऐकवून तपासायचा, जनावराचा केला तर जनावराला. कुत्र्यानं कान टवकारले तर समजायचं की लांडगा जमला. तेव्हा तिनं पिंजऱ्यासमोर स्पीकर ठेवला आणि वकिलाला हाक ऐकवली.

तो दाणे सोलत होता. थांबला. चोचीतला दाणा खाली पडला. त्याच्या डोळ्याची काळी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली, मग पसरली, मग पुन्हा आकसली. पिसं अंगाला चापून बसली. आणि त्यानं उत्तर दिलं.

उत्तर खाली उतरत येणारं होतं. तिनं सूर जिथं सोडला होता तिथूनच ते सुरू झालं, तसंच थरथरलं आणि पार तळाशी जाऊन टेकलं. दीड वितीच्या पोपटाच्या छातीत इतका खालचा सूर मावत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारण तिचा पहिला तुकडा तेवढा खाली न्यायला तिला यंत्र लागलं होतं.

"वकीलसाहेब!" ती टाळ्या पिटत म्हणाली. "कुठं शिकलात हो हे?"

वकिलानं वाद घातला नाही. तो स्पीकरकडे बघत राहिला.

तिनं ते उत्तर ध्वनिमुद्रित केलं आणि आपल्या तुकड्याला जोडलं. सांधा लावावाच लागला नाही. तिनं संग्रहालयात नेऊन ऐकवलं, तेव्हा पिसेवाले खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. "हाच," ते म्हणाले. "कसं सांगू, पण हाच." त्या संध्याकाळी ती घरी आली ती हवेतच.

रस्त्याच्या कडेच्या उंच झाडांवर रोज संध्याकाळी पोपटांचा बाजार भरायचा. गावभरचे थवे यायचे, जागेवरून भांडायचे, अंधार पडेतो कानठळ्या बसवायचे. त्या आठवड्यात ते भांडण कमी होत गेलं. कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान होतं. शिंपी तसा कशावरही खूश न होणारा माणूस, पण तो दारात येऊन म्हणाला, "टेपवाल्या ताई, तुमच्या पोपटांना काय झालं? बसतात आणि गप बसतात. मला मशीनचा आवाज पहिल्यांदाच एवढा ऐकू आला."

तीही थांबून ऐकू लागली. झाडं हिरव्या पाठींनी भरली होती आणि चिटपाखरू बोलत नव्हतं. मग एका झाडावरून चढता सूर आला. पलीकडच्या झाडावरून उतरता. पुन्हा चढता. घाई नाही, भांडण नाही. शेकडो पक्षी एकमेकांना सावकाश विचारत होते आणि सावकाश उत्तर देत होते. इतकं देखणं काही तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. खिडकीतून शिकले असतील, तिनं मनाशी म्हटलं. पोपट शिकतातच.

मग ते खाली उतरू लागले. पोपट जमिनीवर येतात, नाही असं नाही. दाणा टिपतात आणि उडतात. हे चालत होते. घरासमोरच्या गवतातून, अंगात मुळीच नसलेलं वजन पायांवर टाकत, थोडे डुलत. शिंप्याचं मांजर दबा धरून आलं. एकही उडाला नाही. सगळ्यांनी माना वळवल्या आणि त्याच्याकडे पाहिलं, कुतूहलानं, पाहुण्याकडे बघावं तसं. मांजर जागच्या जागी थबकलं. मग शेपूट फुगवून उलट्या पावली मागं गेलं आणि दुकानात कापडांच्या ताग्यांमागं शिरलं.

"मला नाही आवडलं हे," शिंपी म्हणाला आणि त्यानं दुकान लवकर बंद केलं.

या सगळ्या कौतुकात तिच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. ती आईच्या लक्षात आली होती.

एके सकाळी ती उठून बाहेर आली तेव्हा आई दाराशी उभी होती. हात कडीवर. कडी सरकवलेली नव्हती. पिंजऱ्यावरचं फडकं केव्हाच काढलं होतं आणि वकील दांडीवर ताठ बसून खिडकीकडे बघत होता.

"आई, काय गं?"

"काही नाही. वाट बघतेय." आई हसायला गेली. "वकिलांनी वकीलपत्र सोडलं वाटतं. बोलले नाहीत."

"आज?"

"तुझं ते यंत्र त्याच्यासमोर ठेवलंस ना, तेव्हापासून."

तिनं वकिलाला सफरचंदाची फोड दाखवली, चुचकारलं, स्वतः ते वाक्य म्हणून पाहिलं. त्यानं मान तिरपी करून ऐकलं आणि चढता सूर काढला. आई स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला नाही. तिथं ती नुसती उभी होती, हे लेकीला भिंतीपलीकडूनही ऐकू आलं.

पिसेवाले फोनवर म्हणाले, "होतं असं. नवं शिकले की जुनं टाकतात."

"तो आवाज मी देणार नाही, सर. पुसून टाकतेय."

"अहो, असं काय करता? अख्खं दालन त्याच्यावर उभं आहे! तो एवढाच आहे जगात."

"आमच्याकडेही एवढाच होता," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पुसण्याआधी तिनं हाक एकदा शेवटची ऐकली. हेडफोन लावून, आवाज मोठा करून. कारागीर आपली वस्तू मोडण्याआधी एकदा हातात घेतोच. उतरता सूर तळाशी टेकला, आणि त्यानंतरची शांतता तिनं सवयीनं ऐकली. तिथं काहीतरी होतं. तिनं गती निम्मी केली. मग आणखी निम्मी.

माणसाची शीळ होती. आखूड, बेफिकीर, काम करता करता घालतात तशी. त्यानंतर पाचोळ्यावरून येणारी पुष्कळ हलकी पावलं. आणि मग लाकूड कशावर तरी बसल्याचा आवाज. पुन्हा. पुन्हा. लाकूड कशावर बसत होतं हे तिच्या कानांना लगेच कळलं, आणि आपल्याला इतकं चांगलं ऐकू येतं याचा तिला प्रथमच पश्चात्ताप झाला.

पोपट ऐकलेलंच बोलतो. वकील या घरातून कधी बाहेर गेला नव्हता.

तिनं सगळं पुसलं. मूळ प्रत, जोडकाम, संग्रहालयात ऐकवायला नेऊन तिथंच राहिलेली तबकडीसुद्धा परत आणून मोडली. स्पीकर कपाटात गेला. ती दिवसभर वकिलाशी बोलत राहिली, घरगुती, रिकामं, जुनं बोलणं. आई रोज सकाळी दाराशी जाऊन उभी राहायची आणि हात खाली घेऊन परत फिरायची. तिची तब्येत उतरत चालली होती. ती तक्रार करत नव्हती, हेच बघवत नव्हतं.

आणि मग एका सकाळी, फडकं दूर झाल्यावर, वकिलानं एक पंख ताणला. एक पाय ताणला. घसा खाकरला.

"बाईसाहेब," बाबा म्हणाले.

आईच्या हातातून चमचा पडला. लेक अंथरुणातून धावत आली. दोघी एकमेकींचे हात धरून पिंजऱ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो सबंध वाक्य बोलला. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आई हसत रडत म्हणाली, "लावते, लावते!" आणि दाराकडे वळली.

तेव्हा बाहेरून आवाज आला.

"बाईसाहेब."

गवतातून. बाबांचाच आवाज, तसाच खर्जातला. मग थोड्या दुरून, "बाईसाहेब." मग झाडांखालून. मग रस्त्याच्या पलीकडून.

लेकीनं खिडकीतून पाहिलं. गवत हिरवं दिसत होतं आणि ते गवत नव्हतं. सगळे घराकडे तोंड करून उभे होते.

"अगं, ऐकलंस?" आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. गेलं वर्षभर असा नव्हता. "किती जवळ आहेत गं!"

"आई, ते पोपट आहेत."

"मला कळत नाही होय?" आई म्हणाली आणि तिनं दार उघडलं.

यंत्रातून येतो तसा तो आवाज चिरका नव्हता, नाकातला नव्हता. खरा होता. पण खऱ्या आवाजात एक गोष्ट जास्तीची होती, आणि ती फक्त लेकीलाच ऐकू आली. प्रत्येक हाकेच्या शेवटी श्वास अडत होता. कुणीतरी बाबांना मुठीत धरलं होतं आणि जरा दाबलं होतं.

"आई, थांब. जाऊ नकोस!"

आई पायऱ्या उतरली. पक्ष्यांनी तिला वाट करून दिली. ती पळत नव्हती. सावकाश, थोडी डुलत, हात अंगाशी धरून चालत होती.

लेकीनं चौकट दोन्ही हातांनी घट्ट पकडली. डोळे मिटले. ही पोपटपंची आहे, तिनं स्वतःला सांगितलं. शिकलेलं बोलतात. ऐकलेलंच बोलतात.

झाडांच्या मागून एकच हाक आली.

"भिंगरे!"

ती अगदी लहान असताना बाबा तिला पंपघरात घेऊन जायचे आणि मोटारींच्या घरघरीवरून तिला तशी हाक मारायचे. फक्त तिथं, दोघंच असताना. ती शाळेत जाऊ लागली आणि ते नाव बंद झालं. वकील त्यानंतर कितीतरी वर्षांनी घरात आला. आईला तर ते कधी माहीतच नव्हतं.

"भिंगरे," बाबा पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा श्वास अडला.

चौकटीवरचे तिचे हात सुटले, आणि तिनं ओ दिली.